नाकांची पेटी

आधीच सांगते, पहिला प्रयोग मी पाहिलेला नाही.
तेव्हा मी मिरजेत चौथीत होते, आणि इकडे डलूथला
लोहखनिजाच्या धक्क्यामागच्या बंद पडलेल्या बेकरीत
मॉर्ट लिंडक्विस्टने पीठ मळायच्या फळीवर उभं राहून
नगरपालिकेचं अंदाजपत्रक पोल्काच्या चालीवर गायलं.
एकतीस माणसं. भट्टी काही पेटेना.
हसलं की तोंडातून वाफ निघायची,
त्यामुळे कोण हसलं नाही ते लगेच कळायचं.

मी आले एकोणऐंशीत.
शिवण येतं का, इर्या कोस्केलाने विचारलं.
म्हटलं, येतं.
नाक येतं का?

आई जुन्या वह्यांच्या लगद्यात मेथी वाटून घालायची,
टोपल्यांना कसर लागू नये म्हणून.
मी तेच केलं.
तर या गावच्या सात महापौरांच्या नाकांना
मेथीचा वास आहे, आणि ही गोष्ट
कुठल्याही दप्तरात नोंदलेली नाही.

बुधवारी नगरसभेची बैठक, गुरुवारी गाणं,
शुक्रवारी रंग ओला असतानाच प्रयोग.
आपल्याकडे वगाच्या आधी बतावणी असते ना,
इथे सगळी बतावणीच, वग बाहेर रस्त्यावर चालू.
एका वर्षी आम्ही बाई टॉर्गर्सनना वगळलं.
सोमवारी सकाळी त्यांचा फोन:
मी काय एवढी चांगली वागले?

मग खाणी थंडावल्या.
त्या हिवाळ्यात तिकिटाऐवजी धुरी दिलेला मासा चालायचा,
पेटीकॅशच्या डब्याला अजून वास आहे.
व्हर्नचा भाऊ कामावरून गेलेला,
आणि कामावरून गेलेल्यांचं गाणं व्हर्नच्याच वाट्याला.
त्याने गायलं. पायही नीट पडले.
त्या रात्री बेकरीत
वाफ दिसली नाही.
मॉर्टने ते गाणं काढलं नाही. पुढच्या शुक्रवारी
पहिल्या रांगेतला एक क्रेनवाला फिसकन हसला,
आणि मग सगळी रांग, रडल्यासारखी.

सगळ्यात मोठं नाक हेल्मस्टाडचं.
दरवर्षी तिसऱ्या रांगेत, खुर्चीच्या कडेवर,
विनोद व्हायच्या आधीच हसणारा.
प्रयोग संपला की मागे यायचा,
आपलं नाक आपल्याच नाकावर चढवून
आरशात डावीकडून, उजवीकडून बघायचा.
म्हणायचा, यंदा जरा लहान केलंत.
दर वर्षी मोठंच केलेलं असायचं.

एकेचाळीस वर्षं.
मग जागेचं भाडं तिप्पट, छपराला भोकं,
आणि बातम्याच अशा की आमच्या आधी त्याच हसवून जायच्या.
मी मॉर्टला म्हटलं, आमच्यात म्हणतात,
सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही.
चाकाच्या खुर्चीत तो ताठ झाला.
इतकी ओळ, म्हणाला, आणि इतकी वर्षं
कुठे दडवून ठेवली होतीस?
शेवटच्या शुक्रवारी ती पोल्कात बसवली.
बसत नव्हती. 'सोंग' त्यांना 'गाणं' वाटत होतं.
चूकही नव्हतं त्यात.

सामानाचा लिलाव झाला. टोप्या गेल्या, पियानो गेला,
नाकांच्या पेटीला कोणी बोली लावली नाही.
मी ती गाडीत ठेवत होते
तेव्हा हेल्मस्टाडची बायको आली, काठी टेकत.
तो जाऊन चार वर्षं झालेली.
चौकातल्या पुतळ्याबद्दल म्हणाली, तो कोणी दुसराच आहे.
ते नाक तेवढं द्याल?

दिलं. तिने दोन्ही हातांत धरलं,
जवळ नेलं, आणि तशीच थांबली.
हा कसला वास?
मेथी, मी म्हटलं. एक भाजी असते. बी असतं तिचं.
बराच वेळ ती सरोवराकडे बघत राहिली.
वर्षातून एका रात्री, म्हणाली,
त्याच्या मिशीला हा वास यायचा.
मी कधी विचारलं नव्हतं.